एकाच गाण्याचे धनी : १९७०-७४ च्या अमेरिकी पॉप संगीताविषयी एक प्रश्न

ओसरी :

नमस्कार मंडळी,

माझे मामा १९७१ ते १९७४ या काळात अमेरिकेत शिकत होते. परत येताना त्यांनी कपड्यांपेक्षा तबकड्याच जास्त आणल्या, असे आजी शेवटपर्यंत म्हणत असे. त्यांतल्या मोठ्या तबकड्या कधीच कोणी ना कोणी मागून नेल्या. पण सात इंची, एकेका बाजूला एकच गाणे असलेल्या, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकड्यांचा एक पत्र्याचा डबा माळ्यावर राहून गेला होता, तो गेल्या महिन्यात खाली काढला. या तबकड्यांचे मधले भोक जुन्या रुपयाहून मोठे असते, त्यामुळे प्लॅस्टिकची चकती बसवल्याशिवाय त्या माझ्या यंत्रावर चालत नाहीत, आणि डब्यात चकती एकच निघाली. तीच काढत-घालत मी सगळ्या तबकड्या ऐकल्या आणि वहीत त्यांची यादी केली.

यादी करताना एक गोष्ट खटकली. नॉर्मन ग्रीनबॉम, जीन नाइट, लुकिंग ग्लास, टिमी थॉमस, ब्रूअर अँड शिपली, आइड्स ऑफ मार्च, स्टीम अशी नावे एकामागून एक येत गेली, आणि प्रत्येकाबद्दल शोध घेतला की एकाच गाण्यापाशी येऊन शोध थांबतो. तेच गाणे डब्यात असते. इंग्रजीत अशांना 'वन-हिट वंडर' म्हणतात. आपल्याकडे 'औट घटकेचे राज्य' म्हणतात तशातलाच हा प्रकार दिसतो. पण एवढे सगळे एकाच चार-पाच वर्षांत कसे झाले? ही माणसे खरोखरच एका गाण्यापुरती होती, की त्या काळच्या व्यवहारातच असे काही होते की ज्यामुळे दुसरे गाणे वर येऊच नये? मामा आता नाहीत, त्यामुळे जाणकारांना विचारते आहे.

---

तबकडी४५ :

प्रश्न चांगला आहे, पण आधी मोजणी कशी होते ते पाहायला हवे, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

'बिलबोर्ड' या साप्ताहिकाची शंभर गाण्यांची क्रमवारी ऑगस्ट १९५८ पासून निघते. त्या काळी दुकानांतली विक्री आणि रेडिओवरचे वादन या दोहोंच्या आधारे ती ठरत असे. मात्र रेडिओ केंद्रे शंभर गाणी वाजवत नसत. ती तीस-चाळीस गाणी दिवसभर फिरवत. म्हणून 'पहिल्या चाळिसात आले' हीच यशाची रेघ मानली गेली. ४ जुलै १९७० पासून केसी केसम यांचा 'अमेरिकन टॉप ४०' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाल्यावर तर ती रेघ अधिकच ठळक झाली. ज्याचे एकच गाणे या रेघेच्या आत आले तो वन-हिट वंडर, अशी संग्राहकांची रूढ व्याख्या आहे.

आता हीच व्याख्या जरा प्रामाणिकपणे लावून पाहा. जॅनिस जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७० रोजी वारली आणि पुढच्या मार्चमध्ये तिचे 'मी अँड बॉबी मगी' पहिल्या क्रमांकावर गेले. स्वतंत्र गायिका म्हणून पहिल्या चाळिसात आलेले तिचे हे एकमेव गाणे. 'कॉझमिक ब्लूज' ४१ वर थांबले आणि 'क्राय बेबी' ४२ वर. जिमी हेन्ड्रिक्सचे असेच एक गाणे, १९६८ मधले, तेही २० व्या क्रमांकापर्यंतच गेलेले. लू रीडचे 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' १९७३ मध्ये १६ व्या क्रमांकावर आले, त्यापलीकडे काही नाही. या तिघांना वन-हिट वंडर म्हणण्याची कोणाची छाती नाही, कारण त्यांचे श्रोते मोठ्या तबकड्या घेणारे होते. छोट्या तबकडीवर आणि त्यातल्या एका गाण्यावर ज्याचे सगळे अवलंबून होते, त्यालाच आपण हे नाव चिकटवतो.

'एवढे सगळे तेव्हाच का' याचे माझे उत्तर रेडिओत आहे. १९६० च्या दशकात सरकारने मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांना आपल्याच एएम केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा पुन्हा लावण्यास आळा घातला. मोकळा झालेला वेळ भरायला एफएमवाल्यांनी मोठ्या तबकड्यांमधली लांबच लांब गाणी लावायला सुरुवात केली, आणि गंभीर रॉक ऐकणारा वर्ग तिकडे गेला. एएमवर तीन मिनिटांचे, गाडीच्या लहानशा कर्ण्यातून पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येणारे गाणे तेवढे राहिले. तिथे गायक कोण याला फारशी किंमत नव्हती, गाणे लक्षात राहिले की झाले. १९७० ते १९७४ हा या वाटणीचा ऐन काळ आहे.

---

हडसनकाठी :

तबकडी४५ यांच्या व्याख्येनुसार ओसरींच्या यादीतले एक नाव खोडावे लागेल, ते म्हणजे लुकिंग ग्लास. त्यांचे 'ब्रँडी' ऑगस्ट १९७२ मध्ये एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होते हे सर्वांना ठाऊक असते, पण पुढच्या वर्षी त्यांचे 'जिमी लव्ह्ज मेरी-ॲन' ३३ व्या क्रमांकापर्यंत आले होते. तरी लोक त्यांना एका गाण्याचेच मानतात, यावरून चाळिसाची रेघ लोकांच्या स्मरणात किती टिकते ते दिसते.

मी न्यू जर्सीत अठ्ठावीस वर्षे राहतो आणि ही मुले आमच्या शेजारच्या न्यू ब्रन्स्विक गावची, रटगर्स विद्यापीठातली, म्हणून थोडे अधिक लिहितो. विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांत आणि दारूच्या गुत्त्यांत वाजवून हा चमू तयार झाला होता. कंपनीने त्यांचे भलतेच गाणे पुढच्या बाजूला घातले होते आणि 'ब्रँडी' मागच्या बाजूला. वॉशिंग्टनच्या एका केंद्रावरच्या हार्व मूर या निवेदकाने तबकडी उलटून मागची बाजू वाजवली, फोन खणखणू लागले, आणि मग कंपनीला जाग आली. बंदरावरच्या गुत्त्यात काम करणारी मुलगी आणि समुद्र सोडू न शकणारा खलाशी अशी ती गोष्ट आहे. गाणे मऊ, सुरेल आणि मागे समूहस्वर. प्रत्यक्षात हा चमू बराच दणदणाटी रॉक वाजवणारा होता. त्यामुळे कार्यक्रमाला 'ब्रँडी'साठी आलेल्या माणसाला बाकीचा सगळा वेळ आपण चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलो की काय असे वाटत असे. गायक आणि गीतकार एलियट लुरी यांनी हे स्वतः सांगितले आहे. म्हणजे इथे दुसरे गाणे पडले याचे कारण पहिले गाणेच होते. ते त्यांच्यासारखे नव्हतेच.

जाता जाता, या गाण्याचा दबदबा एवढा होता की बॅरी मॅनिलो यांनी १९७४ मध्ये 'ब्रँडी' नावाचेच दुसरे एक गाणे नव्याने गायले तेव्हा घोटाळा नको म्हणून त्याचे नाव 'मँडी' केले. ते जानेवारी १९७५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

---

खर्ज :

ओसरी, आपल्या डब्यातली जीन नाइटची तबकडी स्टॅक्स कंपनीची असणार. पिवळ्या कागदावर चुटकी वाजवणारी बोटे छापलेली असतील. ती जपून ठेवा. आपल्या प्रश्नाचे सगळे धागे त्या एका तबकडीत सापडतील, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वॉर्डेल केझर्ग हे न्यू ऑर्लीन्सचे संगीत-संयोजक. पियानोला हात न लावता, प्रत्येक वाद्याची ओळ डोक्यात ऐकून ती थेट कागदावर उतरवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. १९७० च्या मे महिन्यात ते आपल्या शहरातले काही गायक घेऊन मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी गेले, कारण तिथे मलाको नावाचा नवा, स्वस्त स्टुडिओ होता आणि घरची वादकमंडळी होती. सगळे एका शाळेच्या बसमधून गेले. त्यात किंग फ्लॉइड हा टपाल खात्यात काम केलेला तरुण होता, आणि लोयोला विद्यापीठाच्या उपाहारगृहात पाव भाजणारी जीन नाइट होती. त्या एकाच मुक्कामात फ्लॉइडचे 'ग्रूव्ह मी' आणि नाइटचे 'मिस्टर बिग स्टफ' ही दोन्ही गाणी मुद्रित झाली.

ध्वनिमुद्रण झाले, पण घेणारे कोणी नाही. अटलांटिक आणि स्टॅक्स या दोन्ही कंपन्यांनी ती गाणी परत पाठवली. शेवटी मलाकोवाल्यांनी स्वतःच फ्लॉइडची तबकडी काढली, आणि तीही 'ग्रूव्ह मी' मागच्या बाजूला घालून. न्यू ऑर्लीन्सच्या निवेदकांनी ती उलटली. हा 'उलटण्या'चा प्रसंग वर लुकिंग ग्लासच्या बाबतीतही आला आहे आणि त्या काळात तो पुनःपुन्हा येतो. कंपनीला कळत नसे ते रात्रपाळीच्या निवेदकाला कळे. 'ग्रूव्ह मी' सहाव्या क्रमांकापर्यंत गेल्यावर स्टॅक्समधल्या एकाला त्याच मुक्कामातले दुसरे गाणे आठवले, आणि वर्षभर पडून राहिलेले 'मिस्टर बिग स्टफ' १९७१ मध्ये बाजारात आले. कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीत ते पाच आठवडे पहिले होते, सर्वसाधारण क्रमवारीत दुसरे. लाखो प्रती खपल्या. पाव भाजणारी बाई ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेली.

गाणे ऐकताना खालचा खर्जातला गिटार ऐका. तो चालत नाही, अडखळतो, एक पाऊल टाकून थांबतो, आणि त्या थांबलेल्या जागेत नाइट फटकारते. बढाईखोर पुरुषाला चारचौघांत उभा करून खडसावणाऱ्या बाईचा आवाज त्या फटीतूनच येतो. नुसत्या शब्दांतून एवढे बोचले नसते.

आणि मग कंपनीने पुढची तबकडी कोणती काढावी? 'यू थिंक यू आर हॉट स्टफ'. नाव तेच, ठेका तोच, खडसावणेही तेच. लोकांनी ५७ व्या क्रमांकावर तिला सोडून दिले. घरी एकदा आमटी चांगली झाली म्हणून दुसऱ्या दिवशी तीच शिळी वाढावी तसा हा प्रकार. उलट टोकाचे उदाहरण बिली पॉल यांचे. 'मी अँड मिसेस जोन्स' हे चोरट्या भेटींचे हळुवार गाणे डिसेंबर १९७२ मध्ये तीन आठवडे पहिले होते. त्याच्या पाठोपाठ फिलाडेल्फियाच्या त्यांच्या कंपनीने 'ॲम आय ब्लॅक इनफ फॉर यू' असे थेट राजकीय गाणे काढले आणि ते ७९ वर अडकले. सारखे काढले तरी पडले, वेगळे काढले तरी पडले. त्यामुळे या गायकांना दुसरे गाणे जमले नाही असे म्हणण्याआधी ते दुसरे गाणे निवडले कोणी, हे विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाइट पुढे परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या व्यवसायात राहिल्या. १९८५ मध्ये त्यांचे आणखी एक गाणे ५० व्या क्रमांकावर आले होते. २०२३ मध्ये त्या वारल्या.

---

ओसरी :

खर्ज, मनःपूर्वक आभार. कागद पिवळाच आहे, आणि बोटेही आहेत!

आता स्टीमबद्दल कोणी सांगेल का? या चमूचे एकही विश्वासार्ह छायाचित्र मला मिळत नाही. जी मिळतात त्यांतली माणसे आणि तबकडीवरची नावे यांचा मेळ बसत नाही.

---

तबकडी४५ :

बसणार नाहीच, कारण गाणे मुद्रित झाले तेव्हा स्टीम नावाचा चमू अस्तित्वातच नव्हता.

पॉल लेका, गॅरी डिकार्लो आणि डेल फ्रॅशर हे कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टचे जुने मित्र. १९६९ मध्ये डिकार्लोची काही गाणी मुद्रित झाली होती आणि त्यांतल्या एकासाठी मागच्या बाजूला घालायला काहीतरी हवे होते. मागची बाजू मुद्दाम टाकाऊ ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे निवेदक चुकूनही ती लावणार नाही. त्यांनी आपले एक जुने गाणे काढले, तेच हे 'ना ना हे हे किस हिम गुडबाय', आधीच्या मुद्रणातला ढोलाचा तुकडा जोडून-जोडून वापरला आणि लांबी वाढवण्यासाठी शब्द सुचेनात तिथे नुसते 'ना ना' घातले. कंपनीला तेच आवडले. डिकार्लोच्या नावावर असले काही नको म्हणून 'स्टीम' हे नाव चिकटवण्यात आले. डिसेंबर १९६९ मध्ये गाणे दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. मग दौऱ्यासाठी वेगळीच तरुण मंडळी उभी करण्यात आली, आणि छायाचित्रांत दिसतात ती हीच. कावळा बसला आणि फांदी तुटली, पण फांदी तुटल्यावर कावळाच बदलला.

पुढे १९७७ मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर ऑर्गन वाजवणाऱ्या नॅन्सी फॉस्ट यांनी प्रतिस्पर्धी गोलंदाज माघारी जाताना हीच धून छेडायला सुरुवात केली, आणि प्रेक्षक गाऊ लागले. आज अमेरिकेतल्या कुठल्याही मैदानावर हरणाऱ्याला निरोप देताना ती ऐकू येते. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्टीम हे नाव माहीत नसते. (बेसबॉलमधल्या 'पिचर'ला मी गोलंदाज म्हटले आहे, क्रीडाप्रेमींनी सांभाळून घ्यावे.)

उलट दिशेचे उदाहरणही आहे. इंग्लंडचा टोनी बरोज हा स्टुडिओत रोजावर गाणारा गायक. एकट्या १९७० मध्ये एडिसन लाइटहाउस, व्हाइट प्लेन्स, ब्रदरहुड ऑफ मॅन आणि पिपकिन्स अशा चार नावांखाली त्याचा आवाज अमेरिकेत पहिल्या पंधरात होता. १९७४ मध्ये फर्स्ट क्लास या पाचव्या नावाने तो पुन्हा चौथ्या क्रमांकावर आला. चमू एकेका गाण्याचे, गळा तोच. आता त्याला कोणत्या यादीत घालायचे ते ठरवा.

---

मध्यरात्रीचा_श्रोता :

उशिरा येतो आहे. ग्रीनबॉम यांच्याबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले.

'स्पिरिट इन द स्काय' एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर होते. गाणे येशूविषयी, आणि लिहिणारा मॅसॅच्युसेट्सचा ज्यू. दूरचित्रवाणीवर कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांना भक्तिगीत गाताना पाहिले आणि आपणही एक लिहून पाहावे असे वाटले, म्हणून त्यांनी लिहिले. शब्द पाऊण तासातही नव्हे, पंधरा मिनिटांत झाले असे ते सांगतात. पण गाणे जगले ते गिटारच्या त्या घोगऱ्या, फाटक्या गुरगुराटामुळे. आवाज फाडणारी विद्युतयंत्रणा त्यांच्या टेलिकास्टर गिटारच्या पोटातच बसवलेली होती. वर टाळ्या आणि स्टोव्हल भगिनींचे चर्चमधले खणखणीत समूहगान. भजन आणि भुंगा एकाच खोलीत कोंडल्यासारखे वाटते.

पुढचे 'कॅन्ड हॅम' ४६ वर राहिले. ग्रीनबॉम कॅलिफोर्नियात पेटालुमाला दुभत्या जनावरांकडे वळले, नंतर काही वर्षे उपाहारगृहांत स्वयंपाकी होते. तरी गाणे त्यांना सोडेना. इंग्लंडमध्ये ते तीन वेगवेगळ्या गायकांकडून पहिल्या क्रमांकावर गेले: १९७० मध्ये स्वतः ग्रीनबॉम, १९८६ मध्ये डॉक्टर अँड द मेडिक्स, आणि २००३ मध्ये गॅरेथ गेट्स यांच्यासोबत कुमार कुटुंब, म्हणजे तिथल्या दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकेतले भारतीय कुटुंब. चित्रपटांतही ते सतत वापरले जाते, 'अपोलो १३' मध्ये आहेच.

या सगळ्याचे पैसे त्यांना मिळत राहिले, कारण गाणे त्यांनी लिहिले होते. इथे एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत एएम-एफएम केंद्रावर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मोबदला मिळतो. गाणाऱ्याला त्या केंद्राकडून छदामही मिळत नाही. त्यामुळे 'एकच गाणे' हे वाक्य दोन माणसांच्या बाबतीत दोन वेगळे अर्थ घेऊन येते. टिमी थॉमस यांनी 'व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर' एकट्यानेच लिहिले, स्वतः ऑर्गन वाजवला, ऑर्गनमधल्याच यांत्रिक ठेक्यावर गायले. व्हिएतनाममधल्या मृतांचे आकडे बातम्यांत ऐकून सुचलेले ते गाणे १९७३ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आले, आणि २०१५ मध्ये रॅप गायक ड्रेक यांनी त्याचाच तुकडा 'हॉटलाइन ब्लिंग' मध्ये वापरला तेव्हा लेखक म्हणून थॉमस यांचे नाव पुन्हा छापले गेले.

ओसरी, तबकडीच्या कागदावर गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत नावे असतात. ती गायकाच्या नावाशी ताडून पाहा.

---

ओसरी :

आज दुपारी वडिलांचे भिंग घेऊन बसले होते. ग्रीनबॉम यांच्या तबकडीवर वरचे आणि कंसातले नाव एकच आहे. थॉमस यांचेही तसेच. ब्रूअर अँड शिपलीच्या खाली ब्रूअर आणि शिपलीच. आइड्स ऑफ मार्चच्या खाली पीटरिक हे नाव आहे. शोधल्यावर कळले की हा त्यांचाच गायक, आणि याच गृहस्थाने पुढे १९८२ मधले 'आय ऑफ द टायगर' लिहिण्यात भाग घेतला. स्टीमच्या खाली त्या तिन्ही ब्रिजपोर्टकरांची नावे आहेत, म्हणजे चेहरे बदलले तरी कंसातून त्यांना कोणी हलवले नाही.

पिवळ्या तबकडीवर कंसात तीन नावे आहेत: ब्रूसार्ड, विल्यम्स, वॉशिंग्टन. नाइट हे नाव त्यांत नाही.